भाड्याचा फ्लॅट सांभाळताना: बारातले दोन महिने घराचे

चोवीस हजार भाडं येतं म्हटलं की समोरचा माणूस मनातल्या मनात बाराने गुणतो आणि म्हणतो, "वा! वर्षाला जवळजवळ तीन लाख, बसल्या जागी!" मीही एके काळी असंच गुणलं होतं. पुण्यात सिंहगड रस्त्याला आमचा एक टू बीएचके आहे. बांधकाम २००९ सालचं, कार्पेट सहाशे चौरस फूट. पहिली तीन वर्षं भाडं आलं तसं घरखर्चात विरघळून गेलं. चौथ्या वर्षी एकाच महिन्यात बाथरूमची गळती, गिझर आणि रंगकाम अशी तिन्ही कामं अंगावर आली, आणि त्यासाठी मला मुदतठेव मोडावी लागली. तेव्हापासून त्या फ्लॅटची वेगळी वही आहे. पुढचे आकडे त्या वहीतले, आजच्या दराला आणून गोल केलेले आहेत. तुमच्या गावाचे, तुमच्या सोसायटीचे आकडे वेगळे असतील. मांडणी तीच ठेवा.

आधी खरा हिशेब मांडा

एक कोरं पान घ्या. वर वर्षाचं भाडं लिहा: २,८८,०००. मग खाली एकेक वजा करत चला.

सोसायटीचा मेंटेनन्स महिना ३,००० प्रमाणे ३६,०००. पुण्यात तो मालकाने भरायचा की भाडेकरूने, हे करारावर ठरतं. आमच्याकडे तो भाड्यातच धरलेला आहे.

नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसला की सोसायटी लावते तो आकार, २,६४०. इथे जरा थांबा. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार सोसायटीला हा आकार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतो, आणि त्यात महापालिकेचा कर धरायचा नाही. बिलातला सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) आणि दुरुस्ती निधीही सेवाशुल्कात येत नाहीत. अनेक सोसायट्या सरसकट पूर्ण बिलावर दहा टक्के लावून मोकळ्या होतात. आमचं बिल ३,००० चं, पण त्यातलं सेवाशुल्क २,२०० चं. म्हणून आकार २२०, तीनशे नाही. रक्कम किरकोळ आहे, पण काही सोसायट्या भाडेकरू ठेवला म्हणून हजार-दीड हजार मागतात, तेव्हा हा आदेश खिशात असावा. आईवडील, भाऊ-बहीण, विवाहित मुलगी किंवा जावई असे जवळचे नातेवाईक राहत असतील तर हा आकार लागत नाही.

मिळकतकर १४,०००. पुण्यात घरमालक स्वतः राहत असेल तर महापालिकेची ४० टक्के सवलत मिळते. मध्यंतरी ती बंद झाली होती, २०२३ मध्ये परत सुरू झाली. भाड्याने दिलं की ती जाते. जुन्या बिलावर विसंबून हिशेब केलात तर इथे चुकाल. बिल वेळेत भरा. थकलं की महिन्याला दोन टक्के शास्ती चढते.

रिकामा काळ. दोन वर्षांत एक महिना फ्लॅट रिकामा राहतो असं धरलं, म्हणजे वर्षाला १२,०००. तुमचा भाडेकरू पाच वर्षं हलला नसेल तर नशीब समजा, पण हिशेबात धराच.

एजंटला नवीन भाडेकरूमागे पंधरा दिवसांचं भाडं, वर्षाला वाटून ६,०००. करारनोंदणीतला आपला निम्मा वाटा १,८००.

आणि दुरुस्ती-देखभाल ४७,५००. हा आकडा कुठून आला ते पुढे सविस्तर येतंच.

बेरीज १,२०,००० च्या घरात जाते. उरले १,६८,०००. त्यावर प्राप्तिकर. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकर धरून अडतीस हजार (कर या १,६८,००० वर नाही, वेगळ्या रकमेवर लागतो; ती पुढे प्राप्तिकराच्या भागात). हाती राहिले १,३०,०००, म्हणजे महिन्याला पावणेअकरा हजार. चोवीस हजारांतले पावणेअकरा! फ्लॅटची आजची किंमत ८० लाख धरली तर हा परतावा दीड टक्क्याच्या थोडा वर जातो. जागेचा भाव वाढतो ती गोष्ट निराळी. तो विकताना मिळतो, तोवर कागदावरच असतो. कर्ज काढून भाड्यासाठी फ्लॅट घ्यायचा विचार असेल तर हप्त्यासमोर चोवीस हजार मांडू नका, हा पावणेअकराचा आकडा मांडा.

दुरुस्तीचे पैसे दर महिन्याला बाजूला काढा

आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे संकट. "या वर्षी जरा खर्च निघाला" असं आपण म्हणतो, जणू पुढच्या वर्षी निघणार नाही. खरं तर घरातली प्रत्येक वस्तू ठराविक वर्षांनी संपते, फक्त एकाच दिवशी संपत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूची किंमत भागिले तिचं आयुष्य, असा वर्षाचा वाटा काढायचा.

आमच्या वहीतलं पान असं आहे. रंगकाम: भिंती आणि छत मिळून साधारण २,१०० चौरस फूट, चौदा रुपयांच्या दराने तीस हजारांच्या आत, तीन वर्षांत एकदा, म्हणून वर्षाला १०,०००. दोन्ही बाथरूम तोडून नव्याने करायला आज १,८०,०००; पंधरा वर्षं टिकतील असं धरून १२,०००. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या ८०,००० च्या, अकरा-बारा वर्षांत बिजागऱ्या आणि चॅनल जातात, प्लायवूड फुगतं, ७,०००. दोन गिझर, आठ वर्षं, २,०००. नळ, अँगल कॉक, फ्लशची टाकी, जेट यांचं किरकोळ चालूच असतं, ३,०००. पंखे, बटणं, एमसीबी; २,०००. बाथरूमची दारं खालून कुजतात, खिडकीचे रोलर झिजतात, जाळ्या फाटतात, २,०००. वाळवी आणि झुरळं, १,५००. भाडेकरू बदलताना घर धुऊन घेणं, वर्षाचा वाटा, २,०००. आणि इमारतीच्या बाहेरच्या रंगासाठी, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी, लिफ्टसाठी सोसायटी जी वर्गणी काढते तिच्यासाठी ६,०००.

बेरीज ४७,५००. दोन महिन्यांचं भाडं ४८,०००. माझ्या ओळखीतल्या चार-पाच घरमालकांना हे पान भरायला लावलं. नवी इमारत असेल तर दीड महिना निघतो, वीस वर्षांची असेल तर अडीच. म्हणून मी नियमच करून टाकला: बारातले दोन महिने घराचे, दहा माझे. भाडं ज्या खात्यात येतं, तिथून दर पाच तारखेला चार हजार आपोआप दुसऱ्या खात्यात जातात. त्या खात्याचं एटीएम कार्ड मी घेतलेलंच नाही.

त्या पानावरच्या शेवटच्या बाबीकडे, सोसायटीच्या वर्गणीकडे, लोक फार दुर्लक्ष करतात. सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्ये (मॉडेल बाय-लॉज) फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर वर्षाला किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधी सांगितला आहे. तुमची सोसायटी मेंटेनन्स कमी ठेवल्याचं कौतुक सांगत असेल तर हे निधी जमतायत का ते विचारा. जमत नसतील तर ते पैसे एक दिवस एकरकमी मागितले जातील. इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तीस ओलांडली की दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करायची असते. अहवाल आला की मागोमाग वर्गणी येते. भाड्याने दिलेल्या फ्लॅटचे मालक वार्षिक सभेला जात नाहीत, आणि मोठे खर्च तिथेच ठरतात. वर्षातून एक रविवार द्यायला हरकत नाही.

भाडं दुरुस्तीला पुरलं नाही की काय होतं, ते गिरगाव-काळबादेवीत फिरलात तर दिसतं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली आणि ती दशकानुदशकं तिथेच राहिली. जिन्याचा एक कठडा बदलायचा तर वर्षाचं भाडं पुरेना. मालकांनी हात काढून घेतला, चाळी टेकूंवर आल्या. शेवटी इमारतींवर उपकर बसवून दुरुस्तीसाठी सरकारला मंडळ काढावं लागलं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने अशा जुन्या भाड्यांत वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण मूळ भाडंच इतकं कमी की चार टक्क्यांनी सिमेंटची गोणीही येत नाही. आपला फ्लॅट त्या कायद्याच्या भाडेबंधनात नाही, तो लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठराविक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीवर दिलेला आहे. तरी आपणच स्वतःवर तसं बंधन घालून घेतो: सात वर्षं तेच भाडं, सात वर्षं तोच रंग.

गळती: इथे पैसे वाचवायला जाऊ नका

रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. "अगं, तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्या देवघराच्या भिंतीत उतरतंय. पापुद्रे सुटलेत." मी भाडेकरूला फोन केला, त्याने ओळखीचा प्लंबर बोलावला, प्लंबरने टाइलांच्या सांध्यांवर पांढरं सिमेंट फिरवलं आणि बाराशे रुपये घेतले. काकूंची भिंत मी स्वखर्चाने रंगवून दिली, सहा हजार. दीड महिन्याने भिंत पुन्हा ओली. दुसरा प्लंबर म्हणाला सगळं बाथरूम तोडा, नव्वद हजार. तिसऱ्या मिस्त्रींनी आल्या आल्या एकच प्रश्न विचारला: "ओल कधी वाढते?"

उत्तरावर सगळं अवलंबून असतं, म्हणून हतोडा उचलण्याआधी आठवडाभर नोंद ठेवा.

ओल रात्रंदिवस सारखीच असेल, कोणी घरात नसतानाही वाढत असेल, तर दाबाखालची पाइप फुटली आहे. भिंतीतल्या कन्सील्ड लाइनचा जोड किंवा एल्बो. बाथरूमचा मेन वॉल्व्ह दोन दिवस बंद ठेवा. खालचं टपकणं थांबलं तर निदान झालं. तेवढ्याच जागी भिंत फोडून काम होतं.

आंघोळी झाल्यावर दोन-तीन तासांनी ओल वाढत असेल, तर पाणी फरशीतून किंवा सांडपाण्याच्या वाटेने जातंय. नहाणी ट्रॅपभोवती (फरशीतल्या पाणी जायच्या जाळीभोवती) भेग असते, किंवा टाइलांचे सांधे उघडे पडलेले असतात, किंवा कमोडच्या जोडाचं सील गेलेलं असतं. ट्रॅप कापडाने घट्ट बंद करून दोन इंच पाणी चोवीस तास तुंबवून ठेवायचं. ओल वाढली तर दोष फरशीत. नाही वाढली, पण ट्रॅप उघडून बादल्या ओतल्यावर वाढली, तर दोष ट्रॅपच्या खाली.

फक्त पावसाळ्यात ओल येत असेल तर तुमच्या बाथरूमचा काही दोष नाही. बाहेरची भिंत, डक्टमधली सामाईक पाइप किंवा गच्ची बघा, आणि हा खर्च सोसायटीचा आहे. उपविधींमध्ये ही वाटणी स्पष्ट आहे: पावसाचं पाणी आणि सामाईक नळ-ड्रेनेजची गळती सोसायटीने बघायची; संडास, मोरी, सिंक यांची आतली गळती सभासदाने. भाडेकरूचा संबंध फक्त इतकाच की त्याने वेळेत कळवावं.

आमच्याकडे पाणी तुंबवल्यावर ओल वाढली. मिस्त्रींनी ट्रॅपभोवतीच्या चार टाइल काढल्या, तिथला कोबा खरवडून वॉटरप्रूफिंग करून परत भरला, आणि उरलेल्या सांध्यांतलं सिमेंट कटरने काढून इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा पाणी न शोषणारा मसाला) भरलं. तीन दिवस, चौदा हजार. ते बाथरूम आजवर कोरडं आहे. काकूंची भिंत मात्र दुसऱ्यांदा रंगवायला मी घाई केली नाही. भिंत पूर्ण वाळायला दोन महिने दिले. ओल्या भिंतीवर लांबी (पुट्टी) लावली की ती फुगून निघतेच. पहिल्या वेळी वाया गेलेले बाराशे आणि सहा हजार हे निदान न करता काम केल्याचे पैसे. नव्वद हजारही गेले असते.

गिझरबद्दल एक पुणेरी टीप. खडकवासल्याचं पाणी मऊ आहे, बोअरचं आणि बहुतेक टँकरचं जड. सोसायटी उन्हाळ्यात टँकरवर चालत असेल तर गिझरच्या एलिमेंटवर पांढरे थर चढतात, बिल वाढतं, मग एलिमेंट जळतं. दोन वर्षांतून एकदा गिझर उघडून साफ करून घ्यायचा खर्च नव्या गिझरच्या मानाने काहीच नाही.

रंगकामात दोन गोष्टी. सगळ्या खोल्यांना एकच फिकट शेड द्या आणि तिचा कोड वहीत लिहून ठेवा; उरलेला अर्धा डबा झाकण घट्ट लावून माळ्यावर. पुढच्या भाडेकरूच्या वेळी एका भिंतीला दोन हात मारले की भागतं, अख्खं घर रंगवावं लागत नाही. आणि जून ते सप्टेंबरमध्ये आतलं रंगकाम काढूच नका.

करार: अकरा महिन्यांचं गूढ

अकरा महिन्यांचा करार का करतात असं विचारलं तर दहातले आठ जण सांगतील, "नोंदणी लागत नाही म्हणून." देशाच्या नोंदणी कायद्यात एका वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, हे खरं. पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ त्याच्या वर आहे. लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही तर अटींबद्दल वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उलट नोंदणीकृत करार असेल आणि मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही, तर दिवाणी कोर्टात वर्षं घालवण्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते.

म्हणजे अकरा महिन्यांत आपला काहीच फायदा नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामत रकमेवरचं वर्षाला दहा टक्के काल्पनिक व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के लागतं, आणि ही सोय साठ महिन्यांपर्यंतच्या करारांना आहे. चोवीस हजार भाडं, बहात्तर हजार अनामत, दुसऱ्या वर्षी पाच टक्के वाढ, असा चोवीस महिन्यांचा करार केला तर शुल्क दीड हजाराच्या आसपास येतं. शुल्क मुदतीच्या प्रमाणातच आहे, पण महापालिका हद्दीतली १,००० रुपये नोंदणी फी आणि एजंटची फी दोनदाऐवजी एकदाच जाते. मोठा फायदा वेगळाच आहे: दुसऱ्या वर्षीची भाडेवाढ आधीच लिहिलेली असते, त्यामुळे दर अकराव्या महिन्याला "ताई, यंदा जरा बघा ना" होत नाही. चोवीस महिन्यांचा करार, पहिले बारा महिने लॉक-इन (मधेच सोडता येत नाही), नंतर एक महिन्याची नोटीस. सगळं घरबसल्या ऑनलाइन होतं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायचीही विसरू नका.

दुरुस्तीची अट मोघम ठेवू नका. "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची" या वाक्यावर मी दोनदा भांडले आहे. आता रक्कमच लिहिते: एका कामाला एक हजारापर्यंत भाडेकरू, त्यावर मालक; कन्सील्ड पाइप, वायरिंग, गळती कितीही रकमेची असो, मालक; वापराने तुंबलेलं ड्रेनेज, फुटलेली काच, बल्ब, वॉशर भाडेकरू. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टातही साधारण अशीच वाटणी आहे. तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, पण मसुदा करताना हाताशी ठेवायला चांगला.

आणि एक ओळ जास्तीची: गळती, ओल किंवा ठिणगी दिसल्यावर भाडेकरूने तीन दिवसांत कळवायचं. बरेच भाडेकरू मालकाला त्रास नको म्हणून, किंवा मालक खेकसेल म्हणून, महिनाभर बोलतच नाहीत. गळतीचा महिना फार महाग पडतो.

भाडेकरू बदलला की किती जातात

आमचा मागचा भाडेकरू, बायको आणि शाळेतली मुलगी असं कुटुंब, नूतनीकरणाच्या वेळी २५,२०० ला तयार होता. शेजारच्या विंगमध्ये २७,००० मिळत होते. मी अडून बसले, तो गेला. मग फ्लॅट महिनाभर रिकामा, २४,०००. एजंट १२,०००. सफाई ४,०००. करार १,८००. बटणं, कड्या, जाळ्या ३,०००. रंगाचं एक वर्ष शिल्लक होतं, तरी नव्या माणसासाठी आधीच काढावा लागला, म्हणजे १०,००० वाया. एकूण ५४,८००. हे सगळं कशासाठी, तर महिन्याला १,८०० जास्तीचे मिळावेत म्हणून. वर्षाला २१,६००. भरून यायला अडीच वर्षं! आणि २७,००० देणारा नवा भाडेकरू सव्वा वर्षात बंगळूरला बदली होऊन गेला.

तेव्हापासून चांगल्या भाडेकरूला बाजारभावापेक्षा पाच-सात टक्के कमी लावते. त्याच्या पलीकडे मात्र नाही. सात वर्षं भाडं न वाढवणं हा दुसऱ्या टोकाचा वेडेपणा.

करार कधी संपतो यालाही पैसे आहेत. पुण्यात जागा शोधणारे मे ते जुलैमध्ये सर्वाधिक असतात: शाळा, कॉलेज, नोकऱ्या. भाद्रपदात करार संपला तर पितृपंधरवड्यात कोणी सामान हलवत नाही. नवरात्र बसेपर्यंत चौकशा येतात, टोकन येत नाही. आमचे दोन आठवडे एकदा असेच गेले. आता करार मे अखेरीस संपेल असाच आखते, भले पहिला चोवीसऐवजी एकवीस महिन्यांचा करावा लागो.

फर्निश्ड देऊन चार हजार जास्त मिळतील का? मिळतील. पण फ्रिज आणि वॉशिंग मशीन तुमचं असेल तर फोनही तुम्हालाच येणार, आणि पाच वर्षांत ते कोणी विकत घेणार नाही. कपाटं, ट्रॉल्या, पंखे, गिझर, पडद्याचे रॉड एवढ्यावर मी थांबते.

अनामत परत देताना

चावी देण्याच्या दिवशी भाडेकरूसोबत सगळ्या खोल्यांचा सलग व्हिडिओ काढा: नळ उघडून, फ्लश करून, प्रत्येक बटण दाबून. वीजमीटर आणि गॅसमीटरच्या आकड्यांचे फोटो. चाव्यांची संख्या. व्हिडिओ त्यालाही पाठवा. निघतानाच्या दिवशी तोच मोबाइलवर लावून पुन्हा फिरायचं. वाद निम्मे तिथेच मिटतात. विजेचं बिल बहुधा मालकाच्या नावावरच राहतं, त्यामुळे शेवटचं रीडिंग घेऊन ते भरल्याशिवाय हिशेब बंद करू नका.

कापायचं किती? वापराने येणारी झीज कापायची नाही. ती तुमच्या चार हजारांच्या खात्यातून जायची आहे. नुकसान कापायचं, तेही वस्तूचं उरलेलं आयुष्य बघून. आठ वर्षांच्या ट्रॉलीचं दार मोडलं तर नव्या ट्रॉलीची किंमत मागणं हा अन्याय आहे. टीव्हीसाठी पाडलेली सहा भोकं? लांबी भरून त्या भिंतीला रंग, एवढेच पैसे. सगळा फ्लॅट रंगवायचे तीस हजार अनामतीतून कापणारे मालक मी पाहिले आहेत. असा भाडेकरू सोसायटीत सगळ्यांना सांगून जातो, आणि पुढचा चौकशीला आलेला माणूस वॉचमनशी आधी बोलतो.

प्राप्तिकर, थोडक्यात

मिळालेल्या भाड्यातून त्या वर्षी तुम्ही प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा होतो. उरलेल्या रकमेच्या सरळ ३० टक्के वजावट मिळते, दुरुस्तीवर तुम्ही शून्य खर्च करा की लाख. पावत्या लागत नाहीत, पण रंग, मेंटेनन्स, एजंट यांची वेगळी वजावटही मिळत नाही. आमच्या उदाहरणात रिकाम्या काळाचा वर्षाचा वाटा सोडून भाडं २,७६,०००, कर वजा २,६२,०००, तीस टक्के म्हणजे ७८,६०० वजा, करपात्र १,८३,४००. थकलेला मिळकतकर पुढच्या वर्षी भरला तर वजावटही पुढच्या वर्षी.

गृहकर्ज असेल तर भाड्याने दिलेल्या घरावरचं सगळं व्याज घराच्या उत्पन्नातून वजा करता येतं. मात्र त्यातून येणारा तोटा पगारासारख्या दुसऱ्या उत्पन्नातून जुन्या करपद्धतीत वर्षाला दोन लाखांपर्यंतच वळता होतो, नव्या पद्धतीत अजिबात नाही. महिन्याचं भाडं पन्नास हजारांच्या वर असेल तर भाडेकरू साधी व्यक्ती असली तरी तिने भाड्यातून टीडीएस (आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) कापायचा असतो. ऑक्टोबर २०२४ पासून तो दोन टक्के आहे.

परदेशात राहून पुण्या-ठाण्यातला फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांसाठी नियम वेगळा: मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही असो, भाडेकरूने ३० टक्के आणि वर उपकर कापून भरायचा असतो. बहुतेक भाडेकरूंना हे माहीत नसतं, आणि कळलं की ते दुसरा फ्लॅट बघतात. करार करण्याआधीच सीएमार्फत प्राप्तिकर खात्याकडून कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र काढून ठेवा, आणि इथल्या भावाला किंवा बहिणीला कुलमुखत्यारपत्र द्या. नुसत्या फोनवर गळती निस्तरत नाही.

मे महिन्यातली फेरी

वर्षातून एकदा, पाऊस सुरू व्हायच्या आधी, भाडेकरूला विचारून अर्धा तास फ्लॅटवर जाते. जाण्याआधी दोन दिवस फोन, करारातही तसं लिहिलेलं आहे. सोबत टॉर्च आणि वही. बाथरूमचे सांधे, सिंकखालचा पाइप हाताने चाचपून, खिडक्यांच्या चौकटीच्या खालच्या कडा, बाल्कनीतल्या पाण्याच्या भोकात अडकलेला कचरा, गिझरचा सेफ्टी वॉल्व्ह, माळ्याच्या कोपऱ्यात वाळवीची मातीची रेघ. मग खाली काकूंकडे डोकावून त्यांच्या देवघराची भिंत. एवढं बघून झालं की वहीत तारीख आणि काय निघालं ते.

जाताना भाडेकरूंकडे डझनभर हापूस नेते. गेल्या वर्षी त्यांच्या बायकोने चहा टाकता टाकता सांगितलं, "ताई, स्वयंपाकघरातल्या प्लगला कधीकधी जळका वास येतो, पण यांनी म्हटलं कशाला सांगायचं." वायरमनने तो प्लग उघडला तेव्हा आतली वायर काळी पडली होती. साडेचारशे रुपये, त्याच दुपारी.